वासराचा कागद

डबा उघडला की आधी वास यायचा. पोत्याच्या तळाशी सडलेल्या बटाट्यांचा वास, आणि त्यात गंजक्या पत्र्याचा. नोरीन पेटिटने दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली होती. नासलेलं दूध, गुठळ्या पडलेलं दूध, कास सुजलेल्या गाईचं पू मिसळलेलं दूध, सगळं तिच्या नाकाखालून गेलं होतं, आणि हात धुऊन ती त्याच टेबलाशी निवांत सँडविच खात असे. पण ही पांढरी भुकटी पाण्यात कालवताना तिचं नाक आपोआप मुरडायचं. नावाला दूध, आणि आत दुधाचा थेंब नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्याशिवाय ते मिळतही नसे.

"शी!" नोरीनने जिभेच्या टोकाने चव पाहिली आणि सगळं तोंड वाकडं केलं. "जहर आहे नुसतं. घे गं माझी बाय, घे."

समोर उंच खुर्चीत तिची नात इमी बसली होती, एकोणीस महिन्यांची. तिने आजीच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग स्वतःही नाक मुरडलं, ओठ वाकडे केले आणि कप ढकलून दिला.

"शी," इमी म्हणाली. तिला येत असलेल्या आठ-दहा शब्दांपैकी हा एक होता.

खिडकीतून पलीकडच्या उतारावर गाई गोठ्याकडून परत रानात निघालेल्या दिसत होत्या. दोनशे साठ गाई. त्यांचं सकाळचं दूध टाकीत भरून टँकरची वाट पाहत होतं, आणि त्या घरातल्या एकुलत्या एका पोरीला त्यातला चमचाभरही चालत नव्हता. नोरीनला या गोष्टीची चीड यायची. कुणाची चीड, ते मात्र तिला नीट सांगता आलं नसतं.

दार ढकलून ब्रिओनी आली. ही नोरीनची सून. गोठ्यातून थेट आलेली, गमबूट दाराशी काढलेले, केसांना शेणाचा शिंतोडा. तिने आधी कपाकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"प्यायली?"

"दोन घोट. ते पण सांडले."

ब्रिओनीने कपाटावरचं हिरवं पुस्तक काढलं. इकडे प्रत्येक बाळाचं असं एक हिरवं पुस्तक असतं, वजन आणि उंची लिहायचं. "काल नर्सने वजन घेतलं. आठ महिन्यांत दोनशे ग्रॅम, नोरीन. दोनशे! एखादं वासरू असं अडकलं असतं तर तुमच्या डार्सीने त्याच दिवशी गुरांचा डॉक्टर बोलावला असता."

"मग काय करणार? आकडा आहे तो आहे."

आकडा फ्रिजच्या दारावर होता. कारखान्याच्या चुंबकाखाली रक्ततपासणीचा कागद आठ महिने लटकत होता. त्यावर तीन ओळींभोवती लाल पेनने गोल काढलेले होते. दूध, अंडं, गहू. गोल नोरीनने काढले होते. कारखान्यात नापास टाकीभोवती ती काढायची, तसेच.

"नर्सने आपल्याला मोठ्या गावच्या इस्पितळात पाठवलंय," ब्रिओनी म्हणाली. "ॲलर्जीच्या डॉक्टरकडे. येत्या गुरुवारी. तुम्ही येणार?"

"येणार म्हणजे काय, कागद कोण समजावून सांगणार त्यांना?"

ब्रिओनीने ओलं फडकं घेतलं. पोरीचं तोंड पुसत राहिली.

*

सगळं सुरू झालं ते इमीच्या अंगावरच्या पुरळापासून. पाच महिन्यांची असल्यापासून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत कातडी लाल होऊन खाजायची. गावच्या मुख्य रस्त्यावर रोवेनाचं दुकान आहे. मेणबत्त्या, रंगीत दगड, तेलाच्या बाटल्या. रोवेनाने ब्रिओनीच्या हातात एक लिफाफा ठेवला. बाळाचे पाच केस कापून यात घालायचे, कंपनीकडे पाठवायचे, बाळाला काय सोसत नाही त्याची यादी घरी येणार.

नोरीनने तो लिफाफा दोन बोटांच्या चिमटीत धरून ओट्यावरून उचलला आणि मग हात साबणाने धुतले.

"केस?" ती म्हणाली. "केसात काय दिसतं? उवा दिसतात."

लिफाफा तिने फेकला मात्र नाही. गोठ्यात दहा दिवसांचं एक जर्सी वासरू होतं, मार्गो नावाचं. त्याच्या शेपटीचे पाच केस नोरीनने कात्रीने कापले. अर्जावर 'मार्गो पेटिट, वय वर्ष एक' असं लिहिलं आणि दिलं पाठवून. तीन आठवड्यांनी चार रंगीत पानं आली. मार्गोला गाईचं दूध अजिबात सोसत नाही, ते ताबडतोब आणि पूर्णपणे बंद करावं. त्याऐवजी बदामाचं दूध द्यावं. शिवाय घोड्यांपासून जपावं.

शनिवारी फुटबॉल क्लबच्या खिडकीसमोर खिमा भरलेल्या गरम पेस्ट्रीसाठी रांग लागली होती. नोरीनने चष्मा लावला आणि ती पानं पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचली. माणसं हसून हसून वाकली. रोवेना रांगेतच उभी होती.

"रोवेना," नोरीन म्हणाली, "मार्गोला चार पाय आहेत गं. आज सकाळीच दोन लिटर दूध ओढलं तिने, आणि वर माझा अंगठा चोखला."

रोवेनाचे कान लाल झाले. पेस्ट्री न घेताच ती निघून गेली. पुढे महिनाभर गावात कुणी कॉफीत दूध नको म्हणालं की बाकीचे विचारायचे, "का रे, मार्गोचा भाऊ का तू?"

हे झाल्यावर नोरीनने ठरवलं की आता पोरीची तपासणी खऱ्या प्रयोगशाळेत करायची. गावच्या दवाखान्यात तेव्हा बदलीवर आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्याने इमीची कोपरं पाहिली आणि विचारलं, "दूध प्यायल्यावर काही होतं का? गांधी उठतात? उलटी? तोंड सुजतं?"

"काहीच नाही," ब्रिओनी म्हणाली. "दही खाते, लोणी खाते. कस्टर्ड तर वाटी चाटून खाते."

"मग कातडी कोरडी आहे, एवढंच. मलम नीट आणि भरपूर लावा. रक्त कशाला काढायचं?"

"डॉक्टर," नोरीन मध्ये पडली, "आमच्याकडे टँकर दारात आला की सगळ्या चाचण्या होतात. शंका असो नसो. तुम्ही पुरी यादी लिहा."

बाहेर अकरा माणसं खोळंबली होती. डॉक्टरने पुरी यादी लिहिली.

रक्त काढताना इमीला मांडीवर घेऊन नोरीनच बसली. नर्सने साबणाचे फुगे उडवले, सुई टोचली, काचेची नळी भरली, वर नावाची चिठ्ठी चिकटवली आणि नळी थंड पेटीत ठेवली. नोरीनला फार बरं वाटलं. याला म्हणतात तपासणी. इथे मेणबत्त्या नाहीत.

मग कागद आला. दूध, तीन दशांश आठ. मर्यादा, शून्य दशांश तीन पाच. दसपटीहून वर! अंडं आणि गहूसुद्धा मर्यादेच्या वर.

दूध कारखान्यात एक नियम आहे, आणि तो खोऱ्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. एका टँकरमध्ये आठ शेतांचं दूध एकत्र येतं. त्यातल्या एका शेतावर कुणी औषध टोचलेल्या गाईचं दूध चुकून टाकीत घेतलं, तर तपासणीत ते दिसतं. दिसलं की सगळा टँकर जमिनीत ओतायचा. चव बघायची नाही, वाद घालायचा नाही. शेतकरी फोनवर ओरडायचे, "अगं नोरीन, माझी पोरं तेच दूध पितात!" आणि नोरीन म्हणायची, "आकडा बोलतो. तू नाही." एकदा तर तिने स्वतःच्या नवऱ्याचं दूध ओतायला लावलं होतं. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, पण पुढे स्वतःच लोकांना अभिमानाने सांगायचा. तिच्या आकड्याला खोऱ्यात कुणी उलट बोलत नसे.

"पण काल रात्रीच तिने वाटीभर कस्टर्ड खाल्लं," ब्रिओनी तेव्हा म्हणाली होती. "आणि मजेत झोपली."

"आकडा बोलतो, ब्रिओनी."

नोरीनचा मुलगा डार्सी आईच्या बाजूने गेला. तो आईच्या आकड्यांवरच लहानाचा मोठा झाला होता. त्या संध्याकाळी फ्रिज रिकामा झाला. लोणी, दही, चीज, कस्टर्ड, पाव, अंडी. गावच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता, त्याने कागद पाहून डब्यातल्या भुकटीची चिठ्ठी दिली. अंगावरचं पुरळ काही गेलं नाही. ते होतं तिथेच राहिलं. पण तोपर्यंत पुरळाकडे पाहायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. सगळे आकड्याकडे पाहत होते.

*

डॉक्टर व्हेस्ना कोवाच बुटकी, पिकल्या केसांची बाई होती. नोरीनने कागद टेबलावर नीट उलगडून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी तो न वाचताच बाजूला सरकवला.

"ते नंतर बघू. आधी मला सांगा, दूध बंद करण्याच्या आधी ही काय काय खायची? आणि खाल्ल्यावर दोन तासांत काय व्हायचं?"

ब्रिओनीने सांगितलं. बाईंनी दही, लोणी, कस्टर्ड, पावाचा तुकडा असं एकेक लिहून घेतलं, आणि प्रत्येकापुढे 'काही नाही' असं लिहिलं. सात वेळा लिहिलं. नोरीन ते उलट्या बाजूने वाचत होती. बसल्या जागी ती हलू लागली.

"पण आकडा तीन दशांश आठ आहे," ती शेवटी म्हणाली. "खोटा आहे का तो?"

"छे. प्रयोगशाळेने काम चोख केलंय."

"मग?"

"हा आकडा एवढंच सांगतो की हिच्या रक्ताने दुधाला ओळखलंय. ओळख आहे म्हणजे भांडण आहे असं नाही ना? ज्या पोरांची कातडी अशी असते, त्यांच्या रक्ताच्या पुष्कळ ओळखी असतात. आकडा मोठा असला तर भांडणाची शक्यता जास्त, पण शक्यताच. भांडण होतं की नाही, ते मूल दाखवतं. खाऊन. म्हणून आधी मुलाची गोष्ट ऐकायची, आणि शंका आली तर त्या एकाच पदार्थाचं रक्त तपासायचं. सरसकट यादी लावायची नाही. सरसकट लावली की असले कागद येतात."

"यादी मी लावायला सांगितली," नोरीन म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"डॉक्टरने लावली," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला नाही म्हणता आलं असतं."

"म्हणजे आज घरी जाऊन कस्टर्ड दिलं तर चालेल?" ब्रिओनी पुढे सरकली.

"नाही! चमचाभरही देऊ नका." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हीच तर अडचण आहे. मूल मजेत खात असतं तोवर शरीर त्या पदार्थाला सोसत असतं. ओळख असूनसुद्धा सोसतं. आठ महिने तो पदार्थ दाखवलाच नाही, तर काही मुलांचं शरीर सोसणं विसरतं. मग भांडण खरंच होतं, आणि कधीकधी मोठं होतं. आता आपण इथेच, ॲलर्जी उसळली तर द्यायची सुई हाताशी ठेवून, थेंबाथेंबाने देऊन बघायचं. आधी गहू. मग दूध. अंडं शेवटी."

परतीच्या वाटेवर गाडी ब्रिओनी चालवत होती. मागे इमी झोपली होती. टेकडीवर चढता चढता ब्रिओनी म्हणाली, "मार्गोचा कागद आठवतो?"

"कोणता?"

"वासराचा हो. त्यात लिहिलं होतं, दूध बंद करा. तुम्ही का हसलात तेव्हा?"

"का म्हणजे? वासरू डोळ्यांसमोर दूध पीत होतं."

"इमीपण पीत होती," ब्रिओनी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर."

नोरीनने काच खाली केली. बाहेरून कुणाच्या तरी रानात फवारलेल्या शेणपाण्याचा उग्र भपकारा आत आला. तिने काच वर केली नाही.

घरी आल्यावर ती फ्रिजसमोर उभी राहिली. तीन लाल गोल. किती नेटके काढले होते, पेन कुठे हललंसुद्धा नव्हतं. तिला त्या नेटकेपणाची किळस आली. कारखान्यात फरशीखालचं गटार उपसताना हाताला लागायचा तसा काहीतरी बुळबुळीत, आंबलेला थर तिला स्वतःच्या आत जाणवला. क्लबच्या खिडकीसमोर चष्मा लावून वाचणारी, माणसांना हसवणारी ती बाई तिला आठवली, आणि त्या बाईच्या जवळ उभं राहणंही नको वाटलं.

*

गव्हाच्या दिवशी काही झालं नाही. इमीने इस्पितळात बसून पावाची अख्खी चकती खाल्ली आणि आणखी मागितली. डार्सीने त्या संध्याकाळी घरातला तांदळाचा ठिसूळ पाव डुकरांना घातला. सगळ्यांना धीर आला. दुधाचंही असंच होणार, असं नोरीन मनातल्या मनात म्हणत राहिली. देवाचं नाव ती सहसा घेत नसे. त्या सहा आठवड्यांत तिने घेतलं.

दुधाच्या दिवशी इमी एकवीस महिन्यांची झाली होती. खोलीत एक पलंग, एक खेळण्यांची टोपली, भिंतीला प्राणवायूची नळी. सिओने नावाचा, टोंगा बेटांवरून आलेला धिप्पाड नर्स होता. त्याच्या हातात सुईविना पिचकारी बाहुलीच्या भांड्यासारखी दिसायची. त्याने दुकानातल्या साध्या खोक्यातलं दूध कपात ओतलं. नोरीनने पिशवीतून वही, घड्याळ आणि पेन काढलं.

"हे कशाला, आजी?" सिओनेने विचारलं.

"नोंद ठेवते. वेळ, मिलिलिटर."

"ती मी ठेवतो, मला त्याचा पगार मिळतो. तुम्ही वही ठेवा आत. पोरीकडे बघा. तिचे ओठ, कान, पोट, हसणं. बदललं की मला सांगा. तुम्ही तिला रोज बघता, मी आज बघतोय."

नोरीनने वही आत ठेवली. हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करावं ते तिला कळेना.

अर्धा मिलिलिटर. इमीने चाटला आणि जीभ पुन्हा बाहेर काढली. वीस मिनिटं थांबले. मग एक. मग अडीच.

"मू!" इमी पिचकारीकडे बोट दाखवून म्हणाली.

"हो गं राणी, मू," सिओने म्हणाला. "हुशार आहे की. आमच्याकडे चार वर्षांची पोरं म्हणतात दूध खोक्यात उगवतं."

ब्रिओनी हसली. किती दिवसांनी. पाच मिलिलिटर झाले. इमी ठोकळे रचत होती. मग दहा.

नोरीन बघत होती. आठ मिनिटांनी इमीने उजवा कान चोळला. पुन्हा चोळला. हातातला ठोकळा खाली टाकला. ती रडली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून खेळ निघून गेला. एवढंच. गोठ्यातलं वासरू आजारी पडायच्या आधी असं कान पाडून गप्प होतं.

"सिओने," नोरीन म्हणाली. "आता. काहीतरी बदललं."

त्याने वळून पाहिलं तोवर हनुवटीवर दोन पांढरट गांधी उठल्या होत्या. मग गळ्यावर. डावी पापणी फुगली. इमी खोकली, पुन्हा खोकली आणि नोरीनच्या अंगावर भडाभडा ओकली. डॉक्टरीणबाई धावत आल्या. पोरीचे पाय नोरीनने घट्ट धरले आणि सिओनेने मांडीत सुई दिली. इमी किंचाळली. ती किंचाळते आहे म्हणजे श्वास घेते आहे, हे कुणीतरी म्हणालं.

दहा मिनिटांत खोकला थांबला. अर्ध्या तासात गांधी विरल्या. इमी आईच्या खांद्यावर दमून झोपली. नोरीनच्या ब्लाऊजवर आंबलेल्या दुधाचा डाग वाळत होता. त्या वासात तिने सगळा जन्म काढला होता आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता तिला उमासा आला. ती बेसिनपाशी जाऊन वाकली, पण बाहेर काहीच आलं नाही.

"आता ही खरी ॲलर्जी," डॉक्टर कोवाच म्हणाल्या.

"माझ्यामुळे?"

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "कदाचित तशीही झाली असती. कदाचित नसती. हे कळायची वेळ तेव्हाच होती, तिने दूध घेणं चालू ठेवलं असतं तर. आता कळायचं नाही."

ब्रिओनी खिडकीबाहेर पाहत होती.

"वाट आहे," बाई पुढे म्हणाल्या. "केकमध्ये नीट भाजलेलं दूध यातल्या बऱ्याच मुलांना चालतं. तीन महिन्यांनी इथेच तो केक देऊन बघू. चालला, तर तिथून पायरी पायरीने वर. वर्ष लागेल, दोन लागतील. पण तोवर ते डब्यातलं तिने प्यायलाच हवं. रोज तीन कप. हिचं वजन मला आवडत नाही. हे असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

"ती पीत नाही हो," ब्रिओनी म्हणाली. "तोंडच उघडत नाही."

*

शनिवारी नोरीन क्लबवर गेली. जायचं नव्हतं, पण टाळलं असतं तर ते आणखी घाण वाटलं असतं. रांगेत रोवेना होती. बातमी तिच्या कानावर आलेली असणार. अशा गावात बातमीला टँकर लागत नाही.

"काय गं नोरीन," रोवेना मान न वळवता म्हणाली, "आज कुणाचा कागद वाचणार?"

"माझा," नोरीन म्हणाली.

रांगेतली डोकी वळली. नोरीनने सगळं सांगितलं. यादी, लाल गोल, कस्टर्ड, पिचकारी, सुई. चष्मा न लावता सांगितलं. कुणी हसलं नाही.

"म्हणजे तुझाही कागद खोटाच निघाला की," रोवेना म्हणाली.

"नाही. तुझा खोटा होता. माझा खरा होता, आणि मी तो कागद वाचला, पोरीचा चेहरा वाचला नाही. म्हणून माझा जास्त महागात पडला." तिने दम घेतला. "तुझ्या त्या लिफाफ्यांची मला अजून किळस येते, रोवेना. ते विकायचं थांबव. पण हल्ली त्याआधी माझी मला येते. तुझा नंबर दुसरा."

रांगेतली एक तरुण आई, कडेवर बाळ घेतलेली, हळूच म्हणाली, "नोरीनकाकू, याचाही असाच कागद आलाय. तुम्ही बघून द्याल का, काय काय नापास आहे?"

"तो काय काय खातो ते आधी सांग," नोरीन म्हणाली. "आणि खाल्ल्यावर हसतो का? मग कागद घेऊन डॉक्टरकडे जा. माझ्याकडे नाही. आणि तोवर तो जे मजेत खातोय ते ताटातून काढू नकोस."

*

सोमवारी सकाळी नोरीनने डबा उघडला. सडके बटाटे, गंजका पत्रा. उंच खुर्चीतली इमी डबा पाहताच म्हणाली, "शी!" आणि तिने नाक मुरडलं, डावा गाल वर ओढला, एक डोळा बारीक केला.

नोरीनचा हात थांबला. तो गाल तिचा होता. तो बारीक केलेला डोळाही. गेले दहा महिने दिवसातून तीन वेळा ती या पोरीसमोर उभी राहून हेच तोंड करत आली होती, आणि पोर शहाण्या विद्यार्थ्यासारखी ते मन लावून शिकली होती. या घरात इमीने सगळ्यात नीट गिरवलेला धडा हा होता.

नोरीनने मिसळलेली भुकटी दोन कपांत ओतली. इमीच्या लाल कपात अर्धी, स्वतःच्या चहाच्या कपात अर्धी. मग खुर्ची ओढून ती पोरीच्या अगदी समोर बसली.

"चला," ती म्हणाली. "आजीचा कप. इमीचा कप."

तिने कप तोंडाला लावला. पहिला घोट जिभेवर गेला तशी पाठीतून शिरशिरी आली. कडू, तेलकट, मागे धातूची चव. इमी एकटक तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ओठ, गाल, डोळे. सिओनेने सांगितलं होतं तसं.

नोरीनने गाल हलू दिला नाही. दुसरा घोट घेतला. तिसरा. पोटातून वर येणारं तिने तिथेच दाबलं, भुवया सैल सोडल्या आणि चांगला चहा प्यायल्यावर करते तसा आवाज केला. "हाऽऽ."

इमीने स्वतःच्या कपाकडे पाहिलं. मग पुन्हा आजीकडे. कुठे काही चुकतंय का, ते ती शोधत होती.

नोरीन प्यायली. कपाचा तळ दिसेपर्यंत प्यायली. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं, पण तोंड हसतंच ठेवलं. रिकामा कप उलटा करून दाखवला.

"संपलं," ती म्हणाली.

इमीने लाल कप दोन्ही हातांनी उचलला. वास घेतला. नाकाचा शेंडा थोडा हलला, तेवढ्यात तिने चोरून आजीकडे पाहिलं. आजीचं नाक जागच्या जागी होतं. मग तिने एक घोट घेतला, थांबली, आणि दुसरा घेतला.

दाराशी ब्रिओनी गमबूट घालूनच उभी होती. कधी आली होती कुणास ठाऊक. आत येऊन तिने फ्रिजवरचा कागद काढला, घडी करून हिरव्या पुस्तकात मागच्या पानांत ठेवला, आणि डब्यावरचा चमचा उचलून नोरीनच्या पुढ्यात ठेवला.

"दुपारचा कप एक वाजता," ती म्हणाली. "दोन कप करा."

"हाऽऽ," इमी म्हणाली. तिच्या ओठांवर पांढरी मिशी उमटली होती.